वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांची नावं: फाइल समोर ठेवून कशी वाचायची

फायलीवर 'एलएसजी' लिहिलेलं असतं, डॉक्टर 'स्लीव्ह' म्हणतात, मेडिक्लेमच्या पत्रावर 'बॅरिअॅट्रिक सर्जरी' येतं आणि घरात सगळे 'पोटाचं ऑपरेशन' म्हणतात. हे सगळे एकाच शस्त्रक्रियेबद्दल बोलताहेत की नाही, हे बहुतेक वेळा कुणी तपासलेलं नसतं. गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठेही विचारा. इथल्याच एखाद्या खासगी इस्पितळात, नाहीतर मुंबई-पुण्याला किंवा बेळगावला जाऊन 'बायपास' करून आलेलं कुणीतरी ओळखीचं निघतं. कोणता बायपास, असं विचारलं की उत्तर येतं, "वजनाचा."

हे उत्तर पुरेसं नाही. 'बायपास' या एका शब्दाखाली निदान दोन वेगळ्या शस्त्रक्रिया येतात आणि 'स्लीव्ह' या शब्दाखाली तीन. प्रत्येकीनंतर घ्यायच्या गोळ्या वेगळ्या, करायच्या तपासण्या वेगळ्या, सांभाळायचे धोके वेगळे, आणि हे सगळं जन्मभराचं. सही करण्याआधी नाव पूर्ण वाचता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी अन्नाचा रस्ता समजून घ्या

हा भाग वगळू नका. पुढची सगळी नावं यावरच उभी आहेत.

घास अन्ननलिकेतून जठरात जातो. नावात 'गॅस्ट्रिक' किंवा 'गॅस्ट्रो' दिसलं की जठर समजायचं, अख्खं पोट नव्हे. जठराच्या खालच्या टोकाला पायलोरस नावाची झडप असते. ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. झडपेनंतर लहान आतडं सुरू होतं आणि त्याचे तीन भाग क्रमाने येतात: ड्युओडेनम, जेजुनम, इलियम. ड्युओडेनम जेमतेम २५ सेंटीमीटरचा, पण पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथेच अन्नात मिसळतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. बी-१२ शोषलं जातं ते इलियमच्या शेवटाकडे, पण त्यासाठी जठरात तयार होणारं एक द्रव्य लागतं. सगळं मिळून लहान आतडं साधारण सहा मीटरचं, मात्र माणसागणिक त्यात दोन-तीन मीटरचा फरक पडू शकतो. हा फरक लक्षात ठेवा, आकड्यांच्या भागात तो पुन्हा येणार आहे.

नाव तोडून वाचा

पहिला शब्द बहुधा 'लॅपरोस्कोपिक' असतो, थोडक्यात 'लॅप'. म्हणजे दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून. 'रोबोटिक' म्हणजे तीच दुर्बीण आणि हत्यारं यंत्राच्या हातांनी चालवलेली. हे दोन्ही शब्द आत कसं शिरायचं एवढंच सांगतात. आत काय केलं ते सांगत नाहीत. "मी रोबोटिक करून घेतलं" असं कुणी म्हणालं, तर शस्त्रक्रियेचं नाव अजून कळलेलंच नाही. 'एंडोस्कोपिक' मात्र पूर्ण वेगळं. तिथे पोटावर छिद्र नसतं, नळी तोंडातून जाते.

मग शेवट पाहा. '-एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. '-प्लास्टी' म्हणजे काही न काढता आकार बदलणं. 'अॅनास्टोमोसिस' किंवा '-ऑस्टॉमी' म्हणजे दोन भाग एकमेकांना जोडणं. 'बायपास' म्हणजे अन्नाला मधला काही भाग टाळून पुढे नेणं. 'बँडेड' असेल तर जठराभोवती एक कडी कायमची ठेवली जाणार.

आता 'गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी' हा भीती वाटावी असा शब्द घ्या. जठर, जेजुनम, जोड. जठर जेजुनमला जोडलं, बस्स.

कोणतंही नाव समोर आलं की तीन प्रश्न विचारायचे. जठराचं काय केलं? आतड्याचं काय केलं? जोड किती? या तिघांची उत्तरं मिळाली नाहीत तर नाव अर्धवट आहे आणि पूर्ण नाव मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

स्लीव्ह: सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव

पूर्ण नाव लॅपरोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, तेच फायलीवरचं 'एलएसजी'. 'एक्टॉमी' आहे, म्हणजे काढून टाकणं आलंच. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. पायलोरस जागेवर राहतो. आतड्याला हात लागत नाही, जोड एकही नाही. काढलेल्या भागात भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकही कमी लागते.

डिस्चार्ज कार्डावर अशी ओळ दिसेल: 'लॅप. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, ३६ फ्रेंच बूजी, पायलोरसपासून ४ सेंमी.' बूजी म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी जठरात सरकवलेली मापाची नळी. तिच्या कडेने स्टेपल मारत वर जातात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा ३६ फ्रेंच म्हणजे १२ मिलिमीटर जाडीची नळी. 'पायलोरसपासून ४ सेंमी' म्हणजे कापायला सुरुवात झडपेपासून तितक्या अंतरावर केली. एवढ्या एका ओळीतून पुढच्या डॉक्टरला तुमच्या जठराचा आकार डोळ्यांसमोर आणता येतो.

ही शस्त्रक्रिया आज जगात सगळ्यात जास्त होते, पण तिची सुरुवात स्वतंत्र अशी झाली नव्हती. ड्युओडेनल स्विच नावाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतला तो पहिला टप्पा. फार जोखमीच्या रुग्णांवर आधी एवढंच करायचं, वजन थोडं उतरलं की दुसरा टप्पा, असा बेत असे. पहिल्या टप्प्यावरच अनेकांचं वजन पुरेसं उतरलं आणि स्लीव्ह स्वतंत्रपणे होऊ लागली.

'आतड्याला हात लावत नाहीत, म्हणजे सोपी' असं समजून बरेच जण स्लीव्ह निवडतात. त्यांनी एक गोष्ट विचारायलाच हवी: मला छातीत जळजळ होते का, आणि एंडोस्कोपी झाली का? स्लीव्हनंतर आम्लपित्त वर येण्याचा त्रास वाढू शकतो, नव्याने सुरूही होऊ शकतो. अन्ननलिकेला आधीच इजा झालेली असेल तर सर्जन सहसा दुसरी शस्त्रक्रिया सुचवतात. एंडोस्कोपी न करता स्लीव्ह ठरवणं मला पटत नाही. आणि काढलेलं जठर परत बसवता येत नाही, हेही घरच्यांसमोर स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

'बायपास' म्हणजे कोणता?

पहिला, रू-आन-वाय गॅस्ट्रिक बायपास, फायलीवर 'आरवायजीबी'. सेझार रू हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले स्विस सर्जन. आतडं इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात जोडण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा वजनाशी काही संबंध नव्हता. वजनासाठी जठराचा बायपास सुरू केला तो एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, १९६६ साली. व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे निरीक्षण त्यामागे होतं.

यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात. उरलेलं जठर काढत नाहीत, ते आतच राहतं, फक्त अन्न तिथे जात नाही. पिशवीला आतड्याची एक फांदी जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या फांदीतून येतो. दोन्ही फांद्या पुढे एकत्र येतात आणि तिथून खाली सामाईक आतडं. जोड दोन. वायचे दोन हात आणि खालचा दांडा कागदावर काढून घेतलात तर हे चटकन कळतं. सर्जनलाच चित्र काढायला सांगा, बहुतेक जण आनंदाने काढतात.

दुसरा, मिनी गॅस्ट्रिक बायपास. फायलीवर 'एमजीबी' किंवा 'ओएजीबी', म्हणजे वन अॅनास्टोमोसिस गॅस्ट्रिक बायपास. अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. स्पेनमध्ये कार्बाहो यांनी थोडा फरक करून ती पुढे नेली. पिशवी लांब आणि अरुंद, तिला आतड्याचा वळसा एकाच ठिकाणी जोडायचा. आपल्याकडे ही बरीच केली जाते.

'मिनी' या शब्दावर मात्र विसंबू नका. जोड एक कमी आहे, एवढाच तो लहानपणा. टाळलं जाणारं आतडं साधारण १५० ते २०० सेंटीमीटर असतं, म्हणजे पहिल्या बायपासमधल्या पित्ताच्या फांदीपेक्षा सहसा जास्त. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं कमी पडण्याची शक्यता त्यामुळे कमी नाही, उलट जास्त असू शकते. शिवाय पित्त थेट जोडाजवळून वाहतं, ते पिशवीत उलटं येण्याचा त्रास काहींना होतो. 'माझं मिनीच आहे, गोळ्या बंद केल्या तर काय होतंय' असं म्हणणारी माणसं भेटतात तेव्हा खरोखर वाईट वाटतं. हे नावच बंद व्हायला हवं, ओएजीबी म्हटलेलं बरं.

दोन्ही बायपासना लागू असलेल्या काही गोष्टी आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या फार्मसीतून परस्पर आणायच्या नाहीत. जोडावर व्रण होतो. विडी-सिगारेटनेही तोच व्रण होतो. आणि गोव्यात हे सांगितलंच पाहिजे: फेणी असो की उर्राक, बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते. पूर्वी झेपत होती ती मात्रा आता झेपत नाही आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला हे माहीत नसतं.

स्लीव्ह आणि आतडं, दोन्ही

'बीपीडी-डीएस' म्हणजे बिलिओपँक्रिअॅटिक डायव्हर्जन विथ ड्युओडेनल स्विच. यातला बीपीडी इटलीतल्या जेनोव्हाच्या निकोला स्कोपिनारो यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला. डीएसमध्ये जठराची स्लीव्ह करतात, पायलोरस ठेवतात, आणि पुढे आतड्याचा बराच मोठा भाग टाळतात. जोड दोन. वजन सगळ्यात जास्त उतरतं ते इथे, आणि कुपोषणाचा धोकाही सगळ्यात जास्त इथेच: प्रथिनं, शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं.

'सॅडी-एस' ही तिचीच एका जोडाची आवृत्ती, माद्रिदमध्ये २००७ साली सुरू झालेली. कुणी तिला 'सिप्स' म्हणतात. आपल्याकडच्या बोलण्यात 'स्लीव्ह प्लस' हा शब्दही येतो, आणि तोच सगळ्यात धोक्याचा, कारण तो कुठल्याच एका शस्त्रक्रियेचं नाव नाही. स्लीव्हला आतड्याचा कुठलाही वळसा जोडला की काही जण 'स्लीव्ह प्लस' म्हणतात. प्लस म्हणजे नक्की काय, हे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकडा कुठून मोजलाय?

समजा एका फायलीवर 'ओएजीबी, बीपी लिंब (म्हणजे पित्ताची फांदी) १८० सेंमी' लिहिलंय आणि दुसरीवर 'सॅडी-एस, कॉमन चॅनल (म्हणजे सामाईक आतडं) ३०० सेंमी'. वरवर वाटतं, दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे. तसं नाही. ओएजीबीत आतडं सुरुवातीकडून मोजतात: १८० सेंटीमीटर टाळलं, उरलेलं वापरात. सॅडीत शेवटाकडून मोजतात: ३०० सेंटीमीटरच वापरात, बाकीचं सगळं टाळलं. तेव्हा आकडा दिसला की तो टाळलेल्या आतड्याचा की उरलेल्या, हे विचारा.

आणि इथे तो मघाचा फरक येतो. ज्याचं आतडं सात मीटरचं, त्याचं २०० सेंटीमीटर टाळून पाच मीटर उरतं. ज्याचं साडेचार मीटरचं, त्याला अडीचच मीटर. म्हणून "माझं एकूण आतडं मोजणार का?" हा प्रश्न बायपास करणाऱ्या प्रत्येकाने विचारावा.

दुसरा आकडा जाहिरातीतला. 'जादा वजनापैकी ६५ टक्के कमी' आणि 'एकूण वजनापैकी २७ टक्के कमी' हे दोन्ही एकाच माणसाचे असू शकतात. एक बाई घ्या: १६० सेंटीमीटर उंची, ११० किलो वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४३. बीएमआय २५ म्हणजे तिच्यासाठी ६४ किलो, म्हणून जादा वजन ४६ किलो. तिचं ३० किलो उतरलं तर ४६ पैकी ६५ टक्के, पण ११० पैकी २७ टक्के. दोन इस्पितळांची तुलना करताना दोघांचा आकडा कशाचा टक्का आहे ते आधी पाहा.

तोंडातून होणारे उपाय, आणि जुनी नावं

'ईएसजी', एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी. शेवट पाहा: प्लास्टी. काही काढत नाहीत, जठराला आतून टाके घालून अरुंद करतात. बोलताना यालाही 'स्लीव्ह'च म्हणतात, म्हणून गोंधळ. वजन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीपेक्षा कमी उतरतं. 'इंट्रागॅस्ट्रिक बलून' म्हणजे जठरात ठेवलेला फुगा, सहसा सहा महिन्यांसाठी. गिळायचा प्रकार सुमारे चार महिन्यांचा. ही शस्त्रक्रिया नव्हे.

'लॅप बँड' म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती घट्ट-सैल करता येणारा पट्टा. आता फारसा बसवत नाहीत, काढण्यासाठीच जास्त लोक येतात. 'व्हीबीजी' किंवा 'पोट स्टेपल केलं' असं जुन्या, विशेषतः परदेशात राहून आलेल्या लोकांच्या फायलीत सापडतं. 'रिव्हिजन' म्हणजे आधीची शस्त्रक्रिया बदलणं. तिथे जुनं नाव आणि नवं नाव, दोन्ही लागतात.

लायपोसक्शन आणि टमी टक या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया नाहीत. चरबी किंवा लोंबती त्वचा काढतात, भुकेवर किंवा मधुमेहावर त्यांचा उपचार होत नाही.

मेडिक्लेम आणि सरकारी योजना

डॉक्टरी निकष आणि विम्याचे निकष एक नाहीत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ च्या वर, किंवा ३० च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून. पण आपल्या विमा नियामकाच्या ठरलेल्या अटी याहून कडक आहेत: वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा अधिक, किंवा ३५ सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही, आणि साधे उपाय करूनही वजन न उतरलेलं. पॉलिसीत 'एक्सक्लुजन ०६' म्हणून हा भाग शोधा, आणि प्रतीक्षाकाळही पाहा.

गोवा सरकारची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना शस्त्रक्रियांच्या यादीप्रमाणे चालते. काउंटरवर 'वजनाचं ऑपरेशन' म्हणून विचारू नका. सर्जनच्या लेटरहेडवर पूर्ण नाव लिहून घ्या आणि ते नाव यादीत आहे का ते विचारा. लाइनीत फुकट जाणारी सकाळ वाचेल.

नावाप्रमाणे पुढची काळजी

कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर पहिले दिवस पातळ पदार्थांचे. पेजेची निवळ, गाळून, छोट्या वाटीत ३० मिलिलिटर, आणि तीही घोट घोट घेत अर्धा तास. घरच्यांना हे पाहवत नाही, "एवढंसंच?" म्हणून वाटी भरतात. भरू नका. पुढे शीत-कढी, म्हणजे भात-कालवण, सुरू झाली तरी आधी मासा किंवा अंडं, मग शीत, असा क्रम ठेवा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. श्रावणात मासे बंद करणाऱ्यांनी ती कुठून येणार हे आहारतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्यावं.

गोळ्या सगळ्यांनाच. स्लीव्हवाल्यांनाही. बी-१२, ड, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन जन्मभर. लोहाची गरज बायपास झालेल्यांना आणि पाळी येणाऱ्या बायकांना जास्त. डीएस आणि सॅडीसाठी अ, ई, के यांवरही लक्ष. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, तेव्हा 'थांबेल आपोआप' म्हणून वाट पाहू नका. गरोदरपण १२ ते १८ महिने पुढे ढकलायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांनाही नाव सांगा.

शेवटचं काम, डिस्चार्ज घेण्याआधीचं. शस्त्रक्रिया मुंबईत झालेली असली तरी रात्री दोन वाजता पोटात कळ उठेल तेव्हा तुम्ही काणकोणात किंवा सत्तरीत असाल. १०८ येईल, जवळच्या सरकारी इस्पितळात आणि तिथून कदाचित बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेईल. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरने तुमचा सर्जन कधी पाहिलेला नाही. बायपासनंतर आतडं आतल्या आत अडकू शकतं, आणि ते ओळखायला आत काय जोडलंय हे कळावं लागतं. बंद ठेवलेल्या जठरात नेहमीची एंडोस्कोपी पोहोचत नाही, हेही त्याला कळावं लागतं.

म्हणून एक कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवा. त्यावर शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव, तारीख, जोड किती, आतड्याची लांबी आणि ती कुठून मोजली, जठर काढलं की आत ठेवलं, पित्ताशय आहे की काढलं, बंद असलेली वेदनाशामकं, सर्जनचा फोन. ऑपरेशन नोटची फोटोकॉपीही मागून घ्या, कारण डिस्चार्ज कार्डात बहुधा एकच ओळ असते. त्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्या.